मतदानानंतरचं पान

उरुग्वेतली एक छोटी घटना काही केल्या डोक्यातून जात नाही. १९ जुलै २०१७ रोजी तिथल्या सोळा औषध दुकानांत सरकारमान्य गांजा मिळू लागला. पाच-पाच ग्रॅमची पाकिटं, अल्फा आणि बीटा अशी दोन वाणं, ग्रॅमला जेमतेम सव्वा-दीड डॉलर, म्हणजे चोरट्या बाजाराला खाली पाडणारा भाव. घेणाऱ्यानं आधी टपाल कचेरीत जाऊन नाव नोंदवायचं आणि दुकानात आल्यावर बोट यंत्रावर टेकवायचं. यंत्र दुकानदाराला त्याचं नाव सांगत नाही, कोटा शिल्लक आहे की संपला एवढंच सांगतं. आठवड्याला १० ग्रॅम, महिन्याला ४०. दुकानांबाहेर रांगा लागल्या. आणि महिनाभरातच त्या औषधवाल्यांना बँकांकडून निरोप यायला लागले, की हा माल विकणार असाल तर तुमचं खातं आम्हाला ठेवता येणार नाही. उरुग्वेच्या बँकांचे डॉलरचे व्यवहार अमेरिकी बँकांमार्फत होतात आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गांजाचा पैसा तेव्हाही गुन्ह्याचाच पैसा होता. आपल्या देशाच्या संसदेनं केलेला कायदा अक्षरशः पाळणाऱ्या औषधवाल्याच्या पोटावर पाय आला तो हजारो किलोमीटर दूरच्या एका कायद्यामुळे. काहींनी विक्री सोडली. काहींनी बँक सोडली आणि सगळा कारभार रोखीवर आणला.

गोळी सुटली नाही, कुणी पळवला गेला नाही. तरी मला यात एका उत्तम राजकीय थरारकथेचा सगळा ऐवज दिसतो.

पण या विषयावरच्या थरारकथा बहुतेक वेळा मतदानापाशी संपतात. एक धाडसी मंत्री असतो, अमली पदार्थ कायदेशीर करण्याचं विधेयक असतं, धंदा बुडेल म्हणून बिथरलेला टोळीप्रमुख असतो, मध्ये नोटांनी भरलेली बॅग आणि मोटारीचा स्फोट, आणि शेवटी सभागृहातली मतमोजणी. एका मतानं विधेयक पास झालं की पडदा. हा साचा मला अपुरा वाटतो, कारण खरा पेच पुढच्या पानावर सुरू होतो. विधेयकात लिहिलेलं असतं 'विहित केल्याप्रमाणे', आणि ते विहित करणारे नियम सहा महिन्यांनी एखादा अवर सचिव तयार करतो. भाव किती, कर किती, परवाने कुणाला, दुकान शाळेपासून किती अंतरावर, नगरपालिकेला नकाराधिकार आहे की नाही. संघटित गुन्हेगारीची पैदास याच फटींत होते. विधेयकाच्या विरोधात पैसे वाटणारा टोळीप्रमुख मला मठ्ठ वाटतो. हुशार असेल तो विधेयक पास होऊ देईल आणि नियमावलीच्या मसुद्यावर माणूस बसवेल.

लेखकानं सगळ्यात आधी ठरवायला हवं की त्याच्या कथेतला कायदा नेमका कोणत्या जातीचा आहे. पोर्तुगालनं १ जुलै २००१ पासून दहा दिवस पुरेल इतका वैयक्तिक साठा बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहू दिला नाही. गांजाला २५ ग्रॅम, कोकेनला २, हेरॉइनला १. पकडला गेलेला माणूस न्यायाधीशापुढे जात नाही, तीन जणांच्या समितीपुढे जातो. पण माल पिकवणं, आणणं, विकणं हे सगळं गुन्हाच राहिलं. म्हणजे गिऱ्हाइकाची भीती गेली आणि विक्रेता होता तिथेच राहिला. अशा देशातला टोळीप्रमुख या सुधारणेविरुद्ध मंत्र्याचा खून कशाला करेल? त्याचं नुकसान काहीच नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं २०२१ मध्ये असंच काहीसं केलं: पोलिसानं दंडाची पावती फाडायची, १०० डॉलर दंड, आणि मदतवाहिनीला फोन करून तपासणी करून घेतली तर दंड माफ. फोन फारच थोड्यांनी केले, फेंटानिल हे अतिजहाल कृत्रिम मादक द्रव्य त्याच काळात रस्त्यावर पसरलं, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. पोर्तुगालनं समितीबरोबर उपचारांची व्यवस्थाही उभी केली होती. ओरेगॉनमध्ये शिक्षा आधी गेली आणि उपचारांचा पैसा मागाहून, रखडत पोचला. त्या मधल्या महिन्यांत कथा घडते, पण ती लिहायला कुणी थांबत नाही.

नेदरलँड्सची तऱ्हा तर लेखकासाठी सोन्याची खाणच आहे. १९७६ पासून तिथे गांजाकडे काणाडोळा करायचं धोरण आहे. कॉफीशॉप म्हणवल्या जाणाऱ्या गांजाच्या दुकानाच्या पुढच्या दारानं गिऱ्हाइकाला पाच ग्रॅमपर्यंत विकायला मुभा, दुकानात साठा ५०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. पण मागच्या दारानं तो माल येणार कुठून? घाऊक पिकवणं आणि पुरवणं बेकायदा. चालत्या दुकानाला ५०० ग्रॅम दिवसभर पुरत नाहीत, म्हणून दुकानदार जवळपास एखाद्या खोलीत साठा ठेवतो आणि एखादा पोरगा दिवसातून कित्येकदा थोडाथोडा माल आणून देतो. त्या पोराच्या पिशवीतला माल रस्त्यावर असताना गुन्हा आणि काउंटरवर पोचला की चालवून घेतलेला. हा दुकानदार दरवर्षी विवरणपत्र भरतो, कामगारांचा विमा उतरवतो, आणि प्रत्येक खेपेला गुन्हेगाराशी व्यवहार करतो, कारण दुसरा पुरवठादारच नाही. हे मागचं दार कायदेशीर करण्याचा प्रयोग ब्रेडा आणि टिलबर्ग या शहरांत सुरू व्हायला डिसेंबर २०२३ उजाडलं. सत्तेचाळीस वर्षं एका देशानं अर्धा व्यवहार उजेडात आणि अर्धा अंधारात ठेवला.

आणि त्याच देशात कोकेनच्या टोळीविरुद्ध उभ्या राहिलेल्या साक्षीदाराचा वकील १८ सप्टेंबर २०१९ ला अॅमस्टरडॅममध्ये घरासमोर गोळ्या घालून मारला गेला. त्याच साक्षीदाराचा सल्लागार झालेले पत्रकार पीटर आर. डे फ्रीस यांच्यावर ६ जुलै २०२१ ला दूरचित्रवाणीच्या स्टुडिओतून बाहेर पडताना हल्ला झाला, नऊ दिवसांनी ते गेले. गांजाबाबतच्या सैलपणामुळे हे घडलं असा अर्थ काढणं चूक ठरेल. ती टोळी रॉटरडॅम आणि अँटवर्पच्या बंदरांवर जगत होती. तिथे कंटेनर सोडवायला तेव्हा एक पिन क्रमांक लागायचा. तो क्रमांक पाहू शकणारा कचेरीतला कारकून टोळीच्या दृष्टीनं पिस्तुलवाल्यापेक्षा मोलाचा होता. क्रमांक हाती आला की टोळीचा ट्रक खऱ्या मालकाच्या आधी पोचायचा आणि केळ्यांचा कंटेनर राजरोस घेऊन जायचा. तो जमला नाही तर पोरं कंपाउंडवरून उड्या मारून आत शिरतात, काही तर रिकाम्या कंटेनरात दिवस काढतात. कर्जबाजारी कारकुनाच्या मोबाइलवर पहिला संदेश येतो तो क्षण कुठल्याही स्फोटापेक्षा जास्त घाबरवणारा आहे. कारण एकदा पैसे घेतले की 'आता बास' म्हणण्याची सोय उरत नाही.

पैशाचं वजन हा आणखी एक मुद्दा, आणि पटकथांमध्ये हमखास फसणारा. डॉलरची कुठलीही नोट साधारण एक ग्रॅम भरते. रस्त्यावरची विक्री वीसच्या नोटांत होते असं धरलं तर दहा लाख डॉलर म्हणजे पन्नास हजार नोटा, म्हणजे पन्नास किलो. हे ओझं एका हातात ब्रीफकेस झुलवत नेता येत नाही. शंभरच्या नोटा केल्या तर दहा किलो. ५०० युरोच्या नोटेत हाच आकडा दोन किलोच्या आसपास येतो, म्हणून ती नोट गुन्हेगारांची लाडकी होती आणि म्हणूनच ती नव्यानं चलनात आणणं २०१९ मध्ये बंद झालं. माल विकण्यापेक्षा नोटा खपवणं अवघड असतं. अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर रोख भरली की बँक सरकारला कळवते. ते टाळायला रक्कम तुकड्यांत भरली तर ते तुकडे करणं हाच वेगळा गुन्हा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९२७ मध्येच सांगून टाकलं होतं की बेकायदा कमाईवरही कर लागतो, आणि १९३१ मध्ये अल कपोनला शिक्षा झाली ती याच वाटेनं, करचुकवेगिरीबद्दल. अकरा वर्षं.

याच कराच्या वाटेवर एक जबरदस्त प्रसंग पडून आहे. १९८१ मध्ये मिनियापोलिसच्या एका अमली पदार्थ विक्रेत्यानं कर न्यायालयात सांगितलं की धंदा बेकायदा असला तरी खर्च खरा आहे. तराजू, पॅकिंग, टेलिफोन, गाडीचे मैल, घरभाड्याचा काही भाग. न्यायालयानं बराचसा खर्च मान्य केला. संसद चिडली आणि पुढच्याच वर्षी कलम घातलं की अमली पदार्थांच्या धंद्याला मालाची मूळ किंमत सोडून कुठलाच खर्च वजा करता येणार नाही. तीस वर्षांनी कोलोरॅडो राज्यानं गांजा कायदेशीर केला आणि १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली, तेव्हा हे कलम परवानाधारक दुकानांच्या मानेवर बसलं. भाडं, पगार, वीज, पहारा यातलं काहीच वजा होईना. बहुतेक बँका खातं देत नव्हत्या, म्हणून मालक महसूल कचेरीत नोटांच्या थैल्या घेऊन कर भरायला जायचे, तेही कमावलेल्या नफ्यापेक्षा फुगलेल्या आकड्यावर. तस्कराला धडा शिकवायला केलेलं कलम शेवटी प्रामाणिक माणसाला भोवलं. बहुतेक तस्कर विवरणपत्र भरतच नाहीत.

भावाचा हिशेब तर अजून निर्दय आहे. चोरट्या मालाच्या किमतीत मोठा वाटा धोक्याचा असतो: वाहणाऱ्याचा, लाचेचा, जप्त होणाऱ्या खेपांचा. कायदा आला की तो वाटा गळतो. कोलोरॅडोत २०१५ च्या सुरुवातीला घाऊक भाव पौंडाला सुमारे २,००० डॉलर होता, २०२३ पर्यंत तो निम्म्याहूनही खाली आला. सरकारला वाटतं, आता कर लावायला जागा आहे. इथेच चुकतं. कॅलिफोर्नियानं २०१८ मध्ये विक्री सुरू केली ती १५ टक्के अबकारी, त्यावर विक्रीकर, त्यावर स्थानिक कर आणि लागवडीवर वेगळा कर लावून. शिवाय गावोगावच्या प्रशासनांना दुकान नाकारायचा अधिकार दिला, आणि निम्म्याहून अधिक ठिकाणी तो वापरला गेला. मग गिऱ्हाइकानं काय करायचं? पन्नास किलोमीटर गाडी हाणून महाग माल आणायचा की जुन्या माणसाला फोन करायचा? चोरटा बाजार टिकला. लागवडीवरचा कर २०२२ मध्ये काढावा लागला. एका सुस्वभावी, लोकशाहीवादी वाटणाऱ्या उपकलमानं, 'स्थानिक संस्थेच्या संमतीनं', टोळ्यांना भूगोल वाटून दिला. असं उपकलम विधेयकात शेवटच्या रात्री कुणी घुसवलं, हा माझ्या मते कादंबरीतला खरा गुन्हा.

परवाना मिळाल्यावरची चोरीसुद्धा समजून घ्यायला हवी. कायदेशीर शेतात प्रत्येक झाडाला क्रमांकाची चकती असते. कापणीला ओलं वजन, मग सुकल्यावरचं वजन, मग छाटणीतला कचरा, सगळं संगणकावर चढतं. ओल्या मालाचं वजन सुकताना तीन चतुर्थांशाच्या आसपास घटतं, आणि ही घट प्रत्येक खेपेला थोडी वेगळी असते. निरीक्षकाची नजर तिथेच असावी लागते: घट किंचित जास्त दाखवली, कचरा किंचित जास्त लिहिला, की उरलेला माल शेजारच्या राज्यात चालता होतो. उलट्या दिशेची चोरीही असते; बाहेरून आलेल्या मालावर खऱ्या झाडाची चकती चढते. निरीक्षक थोडे, शेतं शेकड्यांनी. शिवाय कोणत्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवायचा हे उत्पादकच निवडतो, आणि जास्त टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, दाखवणाऱ्या प्रयोगशाळेकडे गर्दी वळते. इथे सुटाबुटातला भागीदार टोळीचा आहे की नुसताच लोभी, हे ओळखणं तपास अधिकाऱ्याला कठीण जावं. वाचकालाही.

एका कलमासाठी देश वेठीला धरल्याचं उदाहरण मात्र खरोखर घडलेलं आहे. कोलंबियात कोकेन टोळीचा प्रमुख पाब्लो एस्कोबार याला कोकेन कायदेशीर करून नको होतं. त्याला नको होतं ते प्रत्यार्पण. 'अमेरिकेतल्या तुरुंगापेक्षा कोलंबियातली कबर बरी' हे त्याच्या गटाचं ब्रीद होतं. त्यापायी न्यायमंत्री लारा बोनिया १९८४ मध्ये मारले गेले, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गालान १८ ऑगस्ट १९८९ ला भरसभेत. १९ जून १९९१ ला घटना समितीनं जन्मानं कोलंबियन असलेल्या नागरिकांच्या प्रत्यार्पणावर बंदी घातली आणि त्याच दिवशी, काही तासांत, एस्कोबार शरण आला, तोही स्वतःच्या पसंतीच्या तुरुंगात. समितीतल्या किती जणांनी तत्त्वापायी मत दिलं आणि किती जणांनी घरच्या पोराबाळांचा चेहरा आठवून? मला अशा सदस्याची कथा वाचायची आहे ज्याला हे स्वतःलाच सांगता येत नाही.

टोळी माल विकते असं आपण धरून चालतो. ती मुळात दहशत विकते. माल बदलत राहतो. अमेरिकेत दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ ला उठली आणि टोळ्या जुगारात आणि कामगार संघटनांत शिरल्या. मेक्सिकोत मिचोआकानच्या टोळ्या अॅव्होकॅडोच्या बागायतदारांकडून हेक्टरी खंडणी घेतात, तर दुसऱ्या टोळ्या तेलाच्या वाहिन्यांना भोकं पाडून इंधन चोरतात. सोन्याच्या बाबतीत मुंबईनंही हे पाहिलं आहे. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, १९९२ पासून परदेशस्थ भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं आणायची मुभा मिळाली, आणि सोन्याच्या तस्करीतली जुनी कमाई आटली. त्याच दशकात बिल्डर आणि चित्रपट निर्माते यांच्याकडे खंडणीचे फोन येत होते. याचा अर्थ कायदेशीर करू नये असा मुळीच नाही. सोनं मोकळं केलं ते बरोबरच केलं. पण बेकार झालेल्या हत्यारबंद माणसांचं काय करायचं याचा कागद विधेयकाबरोबर कुणी जोडत नाही. थरारकथेत तरी एखाद्या पोलिस अधिकाऱ्यानं तो लिहून पाठवावा आणि गृहखात्यानं फायलीत ठेवून द्यावा.

राजकारण्यांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ते बहुधा संत किंवा सैतान म्हणून येतात. थायलंडमध्ये एका मध्यम आकाराच्या पक्षानं २०१९ च्या निवडणुकीत गांजाचं आश्वासन दिलं, आघाडी सरकारात आरोग्य खातं मिळवलं आणि ९ जून २०२२ ला गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढून टाकला. यादीतून काढला, पण त्याचं नियमन करणारा कायदा संसदेत अडकला तो अडकलाच. हजारो दुकानं उघडली, नियम तुकड्यातुकड्यांनी आले. जून २०२५ मध्ये तो पक्ष सरकारातून बाहेर पडला आणि आठवडाभरात आरोग्य खात्यानं आदेश काढला: डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद. सप्टेंबरात त्याच पक्षाचे नेते अनुतिन पंतप्रधान झाले. यात कुणी राक्षस दिसत नाही. आघाडीतल्या हिशेबात एक वनस्पती वरखाली होत राहिली आणि दुकान काढण्यासाठी कर्ज घेतलेली माणसं खाली चिरडली.

म्हणून नायक म्हणून मला मंत्री नको. न्यूयॉर्कनं किरकोळ विक्रीचे पहिले परवाने गांजाच्या गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेल्यांसाठी राखून ठेवले. ज्यांचं आयुष्य जुन्या कायद्यानं नासलं त्यांना नव्या कायद्यानं आधी उभं करायचं, हा विचार मला मनापासून पटतो. पहिलं दुकान २९ डिसेंबर २०२२ ला उघडलं. तोवर शहरात बिनपरवान्याची दुकानं गल्लोगल्ली झाली होती, पुढे ती हजारांवर गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये, माजी सैनिकांना डावलल्याच्या दाव्यावरून, न्यायालयानं नवे परवाने थांबवले आणि ते डिसेंबरपर्यंत थांबून राहिले. इलिनॉयमध्ये याच चांगल्या हेतूच्या कायद्यात आणखी एक मेख होती: अर्जदार कंपनीची ५१ टक्के मालकी जुन्या कायद्याची झळ बसलेल्या माणसाकडे हवी, किंवा निदान दहा कर्मचारी ठेवून त्यातले ५१ टक्के तसे हवेत. दुसऱ्या पर्यायात मालक कुणीही चालत होता. गरिबांना नोकर म्हणून मोजून श्रीमंतानं परवाना घ्यावा, अशी ती सोय, आणि लोक तिच्यावर संतापले ते योग्यच होतं.

तर कल्पना करा, तिशीत तुरुंग पाहिलेला, आता पन्नाशीला आलेला एक माणूस. परवान्याचं तत्त्वतः मंजुरीचं पत्र त्याच्याकडे आहे. दुकानाची जागा दाखवल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही म्हणून त्यानं गाळा भाड्यानं घेतला, आणि न्यायालयाच्या स्थगितीत चार महिन्यांचं भाडं बसलं. बँक कर्ज देत नाही. समोरच्या बिनपरवान्याच्या दुकानात गर्दी आहे. अशा वेळी जुन्या दिवसांतला एक ओळखीचा माणूस येतो, आदरानं बोलतो, लेकीची चौकशी करतो. पैसे बिनव्याजी, तारण नको, भागीदारी नको, कागदावर नावसुद्धा नको. फक्त माल आणणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर आमचा असेल. मागणी इतकी साधी आहे की नाही म्हणायला कारण सापडत नाही, आणि भाड्याची तारीख चार दिवसांवर आहे.